गोंदण राहते, कारण राहते का?

रायपूरच्या आझाद चौकातून आत वळले, की ब्राह्मणपारा लागतो. आसपास कंकाली तलाव, तात्यापारा अशी जुन्या रायपूरची दाट वस्ती. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगडात उतरले आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरहून इथला कारभार पाहू लागले. तेव्हापासून मराठी माणूस या मुलखात येत राहिला. कोणी चाकरीसाठी आले, कोणी पुढे रेल्वेत, शाळांत, कचेऱ्यांत नोकरीला आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषा इथली मुले न शिकवता शिकतात.

असेच एक घर डोळ्यांसमोर आणू या. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, त्यांची सून, पंचवीस वर्षांचा नातू आणि वीस वर्षांची नात. मुलगा २०२१ च्या करोनाच्या लाटेत गेला. एका संध्याकाळी नात कॉलेजातून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, “आई, मी मनगटावर टॅटू काढून घेणार आहे. पैसे माझ्या शिकवणीचे आहेत.”

आईच्या हातातली परात तशीच राहिली. “काहीतरीच काय! उद्या लग्नाचं बघायला गेलो तर लोक काय म्हणतील? आणि तुझ्या दादाचं काय झालं ते बघितलंस ना?”

“दादाची गोष्ट वेगळी. मला बाबांचं अक्षर हवंय.” तिने पाकिटातून एक चिठ्ठी काढली. बाबांनी दवाखान्यातून लिहून पाठवलेली. तीन ओळींची, आणि शेवटी फक्त एक शब्द, ‘बेटू’. तेवढाच एक शब्द, त्याच अक्षरात, तिला मनगटावर हवा होता.

आईला काही बोलता येईना. तिने सवयीने सासूबाईंकडे पाहिले. “आई, तुम्हीच सांगा हिला.”

आजींच्या हनुवटीवर तीन हिरवट ठिपके होते आणि डाव्या हातावर तुळशीवृंदावन. त्या काहीच बोलल्या नाहीत.

आजींना कुणी विचारले होते?

आज ज्याला टॅटू म्हणतात ते आपल्याकडे नवे नाही. मराठी घरांतल्या जुन्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण असायचेच. छत्तीसगडात त्यालाच गोदना म्हणतात. पूर्वी गोंदणारीण गावात आली, की आळीतल्या मुलींना रांगेने बसवले जाई. दिव्याची काजळी तेलात किंवा पाण्यात कालवलेली, तीन-चार सुया एकत्र बांधलेल्या, आणि मुलगी हलू नये म्हणून तिला धरून बसलेली आई किंवा मावशी. टोचून झाले की हळद आणि तेल. दोन-चार दिवस हात सुजे, मग खपली पडे आणि खाली हिरवट निळी नक्षी जन्मभरासाठी उमटे.

त्या वयात ‘तुला हवे का’ हा प्रश्न कुणाला सुचत नसे. जसे कान टोचायचे तसे गोंदायचे. पोरीची जात सहनशील व्हावी, सासरी गेल्यावर माहेरची खूण अंगावर असावी, दृष्ट लागू नये, अशी कारणे सांगितली जात. सर्वात मोठे कारण मात्र एकच होते आणि ते ब्राह्मणपाऱ्यातल्या आजी जितक्या सहज सांगतील तितक्याच सहज बस्तरमधली आदिवासी म्हातारीही सांगेल. सोने-चांदी मेल्यावर काढून घेतात. गोंदण कुणी काढून घेऊ शकत नाही. वर जाताना बाईबरोबर तेवढाच एक दागिना जातो.

हे कारण नीट पाहिले तर त्यात केवळ धर्मभोळेपणा नाही. जिच्या नावावर जमीन नाही, घर नाही, अंगावरचे दागिनेही अडीअडचणीला सावकाराकडे जाणार, अशा बाईला स्वतःची म्हणता येईल अशी ती एकच वस्तू होती. म्हणून जिला कुणी विचारले नाही तिलाही पुढे त्या गोंदणाचा लळा लागला.

पण सगळ्यांनाच लागला असे नाही. लग्न होऊन शहरात आलेल्या, शिकलेल्या घरात पडलेल्या कितीतरी बायका हनुवटीवरच्या ठिपक्यांमुळे संकोचत. फोटो काढताना हनुवटीवर पदर धरत. एखादीने चुना आणि कॉस्टिक लावून ते जाळायचा प्रयत्नही केला असेल. गोंदण गेले नाही, वर डाग मात्र राहिला. गोंदणाचा पश्चात्ताप ही आजच्या मुलांनी आणलेली गोष्ट नाही. फक्त पूर्वी तो बोलून दाखवायची सोय नव्हती.

इथल्या मातीतला गोदना

छत्तीसगडात गोदना गोदण्याचे काम देवार समाजाच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. पुरुष वाद्य वाजवून गाणी म्हणत गावोगाव फिरत आणि बायका दारोदार बसून गोदना गोदत. उत्तरेकडे मैकल डोंगराच्या पट्ट्यात राहणाऱ्या बैगा जमातीत तर गोदन्याशिवाय बाईचे वय मोजता येत नाही असे म्हटले तरी चालेल. लहानपणी कपाळावर, मग वाढत्या वयात हातांवर, पाठीवर, पायांवर अशी टप्प्याटप्प्याने नक्षी वाढत जाते. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द बैगा’ या ग्रंथात या जमातीचे सारे जीवन नोंदवले आहे.

गोदना औषध म्हणूनही गोदला जाई. गुडघा धरला, कंबर दुखली, की दुखऱ्या जागेवर ठिपके टोचायचे. हे केवळ आपल्याकडचे नाही. १९९१ मध्ये आल्प्स पर्वताच्या बर्फात एका माणसाचा देह सापडला. तो पाच हजार वर्षांहून जुना निघाला. त्याच्या अंगावर ६१ गोंदणे मोजली गेली आणि त्यांतली बरीचशी कंबर, गुडघे, घोटे अशा झिजलेल्या सांध्यांच्या जवळ होती. ती दुखण्यावरचा उपाय म्हणून टोचली असावीत असे अभ्यासकांना वाटते. माणसाने शरीर टोचून घेण्यामागे फार पूर्वीपासून काहीतरी कारण शोधले आहे, ते असे.

आता हे काम करणाऱ्या बायका कमी झाल्या, पण नक्षी अगदीच संपली नाही. सरगुजा जिल्ह्यातल्या जमगला गावच्या स्त्रियांनी गोदन्याचे तेच आकार साड्यांवर, चादरींवर आणि कापडावर रंगवायला सुरुवात केली. ज्यांना अंगावर नको पण घरात हवा, त्यांच्यासाठी ही वाट चांगली आहे. कापडावरच्या गोदन्याचा कुणाला पश्चात्ताप होत नाही.

अंगभर रामनाम

कारण जितके मोठे तितके गोंदण टिकाऊ, याचे सर्वात ठळक उदाहरणही छत्तीसगडातच आहे. ते म्हणजे महानदीच्या काठच्या गावांतला रामनामी समाज. १८९० च्या दशकात चारपारा गावच्या परशुराम यांच्यापासून या पंथाची सुरुवात मानली जाते. अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या या लोकांना देवळात जायला बंदी होती. मूर्तीपुढे उभे राहता येत नाही, तर देवाचे नाव अंगावरच घेऊ, असे त्यांनी ठरवले आणि ‘राम’ ही दोन अक्षरे कातडीवर गोंदवून घेतली. त्यांचा राम मूर्तीतला नाही, निर्गुण आहे. त्याला देऊळ लागत नाही आणि पुजारीही लागत नाही.

कपाळावर दोन ठिकाणी रामनाम असेल तो शिरोमणी, सारे कपाळ भरलेले असेल तो सर्वांग, आणि डोक्यापासून पायांच्या नखांपर्यंत रामनाम असेल तो नखशिख. पापण्या आणि ओठसुद्धा सुटत नसत. त्याची वेदना किती होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, अंगावर रामनाम छापलेली चादर आणि पायांत घुंगरू, अशा वेशात हे लोक पौष महिन्यात भरणाऱ्या भजन मेळ्याला जमतात. दारू आणि तंबाखू वर्ज्य.

या लोकांना पश्चात्ताप होत असेल का? ज्याला देवळाच्या पायरीवरून हाकलले त्याने आपले शरीरच देऊळ केले. असे कारण माणूस म्हातारा झाला म्हणून लहान होत नाही. म्हणून सुरकुत्या पडलेल्या कपाळावरही ती अक्षरे मानाने मिरवली जातात.

तरीही, याच समाजातली मुले आज पूर्ण अंगावर रामनाम घेत नाहीत. शिकायला, कामाला परगावी जावे लागते. तिथे लोक टक लावून बघतात, हसतात, नोकरी देताना कचरतात. बरीचशी मुले छातीवर किंवा हातावर एकदाच रामनाम घेऊन परंपरा पाळतात. आणि ज्येष्ठ मंडळी त्यावर रागावून बसलेली नाहीत. कपाळावर नाही म्हणून मनात राम नाही, असे ते मानत नाहीत. बापाचे कारण मुलाला जसेच्या तसे लागू पडत नाही, एवढी समज त्या समाजाने दाखवली आहे. आपल्या घरांनाही ती दाखवता आली पाहिजे.

नातवाचा उजवा हात

ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या घराकडे पुन्हा येऊ. ‘दादाचं काय झालं ते बघितलंस ना’ असे आई म्हणाली, त्यामागे एक दुखणे होते.

नातू एकोणीस वर्षांचा असताना मित्रांबरोबर जत्रेला गेला होता. तिथे बॅटरीच्या मशीनवर टॅटू काढणारा बसला होता. दहा मिनिटांत उजव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत एका मुलीचे नाव उमटले. दीड वर्षाने ती मुलगी आयुष्यातून गेली, नाव राहिले. याचेही दुःख त्याने पचवले असते. पण त्याचे स्वप्न केंद्रीय पोलीस दलात जाण्याचे होते. धावणे झाले, लेखी झाले, आणि वैद्यकीय तपासणीत हात पुढे करायची वेळ आली तेव्हा तो बाहेर पडला.

भरतीचा हा नियम अनेक घरांना माहीत नसतो, म्हणून तो इथे सांगायला हवा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत गोंदण चालते, पण डाव्या हाताच्या कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला, आणि तेही त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान असावे लागते. उजवा हात सलामीचा, म्हणून तो मोकळा हवा. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, अभद्र आकृती चालत नाही. भूदलातही कोपर ते मनगट आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढीच जागा मान्य आहे. आदिवासी उमेदवारांना मात्र त्यांच्या जमातीच्या रूढीप्रमाणे असलेले गोंदण शरीरावर कुठेही असले तरी सवलत आहे. बैगा तरुणाच्या कपाळावरची खूण सरकार समजून घेते, कारण तिच्यामागे साऱ्या जमातीचे कारण उभे असते. जत्रेत दहा मिनिटांत काढलेल्या नावामागे तसे काही नसते. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून भरतीची त्या वर्षीची जाहिरात वाचूनच काय ते ठरवावे.

नातवाने मग लेसरचा मार्ग धरला. या उपायात प्रकाशाचा अतिशय कमी वेळाचा आणि तीव्र झोत त्वचेखालच्या शाईवर सोडतात. त्यामुळे शाईचे कण फुटून बारीक होतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. एका बैठकीत हे होत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते. हिरवी, निळी, पिवळी दाद देत नाही. आपल्या सावळ्या कातडीला आणखी एक धोका असतो. लेसर शाईबरोबर कातडीचा रंगही ओळखतो. त्यामुळे पांढरे किंवा काळे डाग पडू शकतात. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाकडेच हे काम करून घ्यावे. ॲसिड, चुना, लसणाचा रस असे घरगुती उपाय करू नयेत. त्याने गोंदण जात नाही, कातडी मात्र जाते.

गोंदण इतके चिवट का, याचे उत्तर शरीराच्या कारभारात आहे. सुई शाई वरच्या कातडीच्या खालच्या थरात सोडते. तिथल्या संरक्षक पेशी हे कण परके म्हणून गिळून टाकतात, पण पचवू शकत नाहीत. ती पेशी मेली की कण बाहेर पडतात आणि नवी पेशी ते पुन्हा गिळते. अशी ही राखण जन्मभर चालू राहते. नातवाचे मन ते नाव विसरले, शरीर मात्र ते सांभाळत बसले होते.

पश्चात्ताप कुणाला होतो?

न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली सॅम्युअल ओरायली याने विजेवर चालणाऱ्या गोंदण यंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून हे काम झटपट झाले. काम झटपट झाले तसा विचारही झटपट होऊ लागला. आज अमेरिकेत काय चित्र आहे ते प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसते. तिथल्या ३२ टक्के प्रौढांच्या अंगावर टॅटू आहे. कारण विचारल्यावर ६९ टक्क्यांनी कुणाची किंवा कशाची आठवण, कुणाचा तरी मान, असे सांगितले. ४७ टक्क्यांनी आपल्या श्रद्धा आणि मते दाखवण्यासाठी, तर ३२ टक्क्यांनी सुंदर दिसण्यासाठी असे सांगितले. एकाहून अधिक कारणे सांगण्याची मुभा होती. आणि २४ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ चारांतील एकाने, आपल्याला एखाद्या टॅटूचा कधी ना कधी पश्चात्ताप झाल्याचे कबूल केले.

या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहावे. ‘टॅटू काढला की पस्तावणार’ असे आईवडील धरून चालतात, ते खरे नाही. चारांतील तिघे पस्तावत नाहीत. ‘मी कधीच पस्तावणार नाही’ असे मुले म्हणतात, त्यालाही आधार नाही. चारांतील एक पस्तावतो आणि त्यानेही कधीकाळी असेच म्हटले असेल.

मग कोण पस्तावतो? आपल्या ओळखीची चार उदाहरणे आठवून पाहिली तर काही गोष्टी लक्षात येतात. मित्रांच्या आग्रहाने, जत्रेत, सहलीत, वाढदिवसाच्या रात्री काढलेले गोंदण लवकर नकोसे होते. प्रियकराचे किंवा प्रेयसीचे नाव ही तर जगभरची दुखरी जागा आहे. हॉलिवूडचा नट जॉनी डेप याने विनोना रायडर या अभिनेत्रीवरच्या प्रेमापोटी ‘विनोना फॉरेव्हर’ असे गोंदवून घेतले होते. १९९३ मध्ये दोघे वेगळे झाले. त्याने दोन अक्षरे काढून टाकली आणि ‘वायनो फॉरेव्हर’, म्हणजे ‘कायमचा दारुडा’, असे करून घेतले. त्याला पैसा होता, विनोदबुद्धी होती. प्रत्येकाच्या नावातून असा अर्थ निघतोच असे नाही.

उलट, ज्यांचे कारण बदलण्यासारखे नसते त्यांना गोंदण सहसा टोचत नाही. गेलेले आईवडील, जन्माला आलेले मूल, मोठ्या आजारातून उठल्याची खूण, यांत पुढे काही बदलायचे नसते. प्रेयसी बदलू शकते, पक्ष बदलू शकतो, आवडता नट बदलतो. वडील बदलत नाहीत.

पण इथेही एक सावधगिरी हवी. माणूस नुकताच गेलेला असतो तेव्हा दुःखाला काहीतरी करून पाहायचे असते. त्या घाईत घेतलेले निर्णय, मग ते घर विकण्याचे असोत की गोंदवण्याचे, थोडे थांबवलेले बरे असतात. कारण खरे असेल तर ते वर्षभर थांबल्याने कमी होत नाही. आणि वर्षभरात कमी झाले तर थांबलो ते बरे झाले असे वाटेल.

घ्यायचेच असेल तर

घरातल्या मोठ्यांनी नुसते ‘नाही’ म्हणून विषय बंद केला, तर मूल जत्रेतल्या दहा रुपयांच्या सुईकडे जाते. त्यापेक्षा पुढील गोष्टी एकत्र बसून बोलाव्यात.

सुई नवी, पाकीटबंद आणि आपल्यासमोर फोडलेली असावी. एकच सुई अनेकांना टोचली तर रक्तातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. शाईसुद्धा प्रत्येकासाठी वेगळ्या लहान वाटीत काढलेली हवी, मोठ्या बाटलीत सुई बुडवलेली नको. हातमोजे नवे असावेत. हिपॅटायटिस बीची लस आधीच पूर्ण घेतलेली असली तर उत्तम.

ज्यांच्या जखमेचे वण फुगून वर येतात, मधुमेह आहे, रक्त पातळ होण्याची औषधे चालू आहेत किंवा कातडीचा आजार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छाती आणि खांद्यावर वण फुगण्याचा धोका अधिक असतो. गोंदवल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. घरात कुणाला नियमित रक्त लागत असेल तर ही गोष्ट लहान नाही.

जागा निवडताना पुढच्या नोकरीचा विचार करावा. अक्षरे काढायची असतील तर ती कागदावर लिहून चारचौघांकडून वाचून घ्यावीत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक वहीत खोडता येते, हातावर येत नाही. फार बारीक अक्षरे वर्षांनी पसरतात आणि एकमेकांत मिसळतात, म्हणून आकार फार लहान ठेवू नये. आणि शेवटी, नक्षी ठरल्यावर ती कागदावर काढून आरशाला चिकटवून ठेवावी. रोज सकाळी दात घासताना ती समोर दिसली पाहिजे. सहा महिन्यांत कंटाळा आला तर कागद फाडून टाकता येतो.

आजींचे उत्तर

त्या संध्याकाळी जेवणे होईपर्यंत कुणी काही बोलले नाही. मागचे आवरून सून ओट्यापाशी उभी होती. नात आजींच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या हातावरच्या तुळशीवृंदावनावरून बोट फिरवत म्हणाली, “आजी, तुला कधी वाईट वाटलं का ग याचं?”

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. “याचं नाही वाटलं,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षांची होते मी. दोघींनी धरलं होतं. मी ओरडत होते, नको नको म्हणत होते. मला कुणी विचारलंच नाही, याचं वाईट वाटलं. ते अजून वाटतं.”

मग त्यांनी सुनेला हाक मारली. “सूनबाई, इकडे ये जरा. हिचं मन हिचं आहे. आपण नको म्हटलं म्हणून हिने थांबू नये, आणि हिच्या मैत्रिणी हो म्हणाल्या म्हणून काढूही नये. ती चिठ्ठी आधी नीट मढवून आण. पाकिटात घडी पडून पडून अक्षर पुसत चाललंय. बाबांचं खरं अक्षर ते आहे, ते तर आधी सांभाळ.”

हे कुणाच्याच लक्षात आले नव्हते. चिठ्ठीची घडी जिथे होती तिथे कागद विरला होता आणि ‘बेटू’मधला उकाराचा भाग अर्धवट राहिला होता.

“आणि टॅटू?” नातीने विचारले.

“पुढच्या वर्षी बाबांच्या तिथीला मला पुन्हा विचार,” आजी म्हणाल्या. “तेव्हाही हवासा वाटला तर तुझी आईच येईल तुझ्याबरोबर. सुई नवी आहे का ते बघायला कुणीतरी मोठं हवं ना?”

आईने यावर हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन फ्रेमवाल्याकडे गेली. चिठ्ठी काचेत बसली. तिची एक प्रत नातीने आरशाला चिकटवली आहे.

नातवाच्या हातावर लेसरच्या आणखी काही बैठका बाकी आहेत. नाव फिकट होत आले आहे. पुढच्या भरतीचा अर्ज त्याने भरून ठेवला आहे.